डोमेन नेम विकणारा म्हणतोय, साइटबाहेर थेट व्यवहार करू. पैसे द्यावेत का?

तुम्ही लिहिलंय की तुमच्या मसाल्यांच्या ब्रँडचं डॉट कॉम नाव एका मार्केटप्लेसवर दीड लाखाला विक्रीला लागलं होतं. आता विकणारा व्हॉट्सॲपवर म्हणतोय, कमिशन वाचेल, साठ हजारात थेट देतो, एस्क्रोची लिंक मीच पाठवतो. नाहीतर लिलावात बोली लावावी का, असंही विचारलंय.

थेट पैसे देऊ नका. ग्राहकांसाठी डोमेन घेण्याचं काम मी करतो आणि तुमच्या वर्णनात मला खटकली ती पहिली गोष्ट म्हणजे ती लिंक. एस्क्रो म्हणजे नाव तुमच्या खात्यात येईपर्यंत पैसे धरून ठेवणारा त्रयस्थ. तो विकणाऱ्याने आणून दिला तर त्रयस्थ कसला? खोट्या एस्क्रो साइट हुबेहूब खऱ्यासारख्या असतात, पत्त्यात एखादं अक्षर इकडचं तिकडे. सेवा तुम्ही निवडा, पत्ता स्वतः टाईप करा. तो तयार नसेल तर विषय संपला.

पण मला जास्त काळजी वेगळीच आहे: ते नाव चोरीचं असलं तर? तसं असेल तर एस्क्रो चोख असूनही तुम्ही अडकता. २००६ मध्ये पीटूपी डॉट कॉम हे नाव मालकांच्या खात्यात घुसून चोरलं गेलं आणि ईबेवर एका बास्केटबॉल खेळाडूला १ लाख डॉलरहून जास्त किमतीला विकलं गेलं. चोराला २०११ मध्ये पाच वर्षांची शिक्षा झाली. पर्ल या प्रोग्रामिंग भाषेच्या साइटचं पर्ल डॉट कॉम हे नाव चोरीला गेल्याचं २०२१ च्या जानेवारीत उघड झालं आणि ते १ लाख ९० हजार डॉलरला विक्रीला लागलं. ते नाव सगळ्या प्रोग्रामरांना माहीत, म्हणून बोभाटा झाला आणि काही दिवसांत ते परत मिळालं. तुमच्या मसाल्याच्या नावासाठी असा बोभाटा कोण करणार?

म्हणून ताबा आणि मालकी वेगळी तपासा. ताबा तपासणं सोपं आहे. तुम्ही ठरवलेला एखादा शब्द त्याला डीएनएसमध्ये, म्हणजे त्या नावाच्या सार्वजनिक तांत्रिक नोंदींत, टीएक्सटी रेकॉर्ड (मजकुराची नोंद) म्हणून टाकायला सांगा. तो दिसला तर नाव त्याच्या हातात आहे, एवढंच कळतं. चोरही हे करून दाखवेल. जमीन घेताना आपण सातबाऱ्यावर थांबत नाही, जुने फेरफारही काढतो, तसं इथे करायचं. आयकॅन या डोमेन नावांचा कारभार पाहणाऱ्या संस्थेच्या लुकअप पानावर नाव टाकून शेवटचा बदल कधी झाला आणि रजिस्ट्रार, म्हणजे नाव नोंदवणारी कंपनी, कोण, ते बघा. नाव पंधरा वर्षं जुनं, बदल गेल्या महिन्यातला आणि भाव निम्म्याहून कमी, असं दिसलं तर थांबा. मग इंटरनेट आर्काइव्हवर त्या पत्त्याची जुनी पानं उघडा. तिथे बहुतेक वेळा संपर्काचं पान सापडतं. त्यावरच्या नंबरला सरळ फोन लावून विचारा, ‘हे नाव तुम्ही विकलंत का?’ इतकी साधी गोष्ट, पण फार कमी लोक करतात.

नाव नुकतंच एका रजिस्ट्रारकडून दुसरीकडे आलं असेल तर डॉट कॉमला सहसा ६० दिवस पुन्हा हलवता येत नाही. ‘तोवर माझ्याच खात्यात राहू दे, पैसे आत्ता द्या’ असं कुणी म्हटलं तर ऐकू नका.

लिलावाचं म्हणाल, तर तिथे धोका भाव फुगवण्याचा. स्नॅपनेम्स या मोठ्या लिलाव कंपनीने २००९ मध्ये स्वतःच जाहीर केलं की त्यांचाच एक वरिष्ठ अधिकारी खोट्या नावाने २००५ पासून बोली लावत होता. ज्यांनी जास्त मोजले त्यांना कंपनीने व्याजासह फरक देऊ केला. समोरचा खरा की खोटा हे बोली लावणाऱ्याला कळत नाही. तेव्हा तुमचा वरचा आकडा आधी ठरवा, तोच बोली म्हणून एकदा टाका आणि शेवटच्या पाच मिनिटांत स्क्रीनसमोर बसू नका.

आणि तुमचा ब्रँड नोंदणीकृत ट्रेडमार्क असेल, समोरच्याने ते नाव तुम्हालाच विकण्यासाठी अडवून ठेवलं असेल, तर यूडीआरपी या डोमेन नावांचे वाद सोडवण्याच्या नियमावलीखाली तक्रारीचा मार्ग आहे. अशा तक्रारी ऐकणाऱ्या वायपो या जागतिक बौद्धिक संपदा संघटनेची फी एका पंचासाठी १,५०० डॉलर, म्हणजे साठ हजार रुपयांपेक्षा जास्तच. त्यामुळे आधी वकिलाला विचारा.

टोकन म्हणून काही पाठवून बसला असाल तर बाकी सगळं बाजूला ठेवा. आत्ताच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा आणि बँकेलाही कळवा. पैसे पुढे सरकण्याआधी खातं गोठवता आलं तरच ते परत मिळण्याची आशा असते.