मिक्सिंगच्या खोलीतून : आधी कार्डात काय आहे ते बघा

अमळनेरात आमच्या मागच्या खोलीला गल्लीतले लोक अजून ‘मिक्सिंगची खोली’च म्हणतात. एडिटिंग हा शब्द नंतर आला. हे शूटिंगला जायचे आणि मी घरी डीव्ही कॅसेटी कंप्युटरात उतरवत बसायचे, त्याला आता २२ वर्षं झाली. आज चोपडा, पारोळा, धरणगावची फोटोग्राफर पोरं कॅमेऱ्याचं मेमरी कार्ड आणून देतात आणि चहा होईपर्यंत आपापली दुखणी सांगतात. पत्रांतही तीच दुखणी असतात.

प्रश्न : वहिनी, मी रावेर तालुक्यातला. केळीचे पैसे आले आहेत, वडील १ लाख द्यायला तयार आहेत. नवा कॅमेरा घेतल्यापासून जुन्या कंप्युटरवर व्हिडिओ अडकत अडकत चालतो. दुकानदार म्हणतो, प्रोसेसर कोणताही चालेल, ग्राफिक कार्ड मोठं घे. घेऊ का?

उत्तर : भाऊ, पैसे चार दिवस वडिलांकडेच राहू दे. आधी मीडियाइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर टाक आणि कॅमेऱ्याची एक फाईल त्यात उघड. तिथे एचईव्हीसी, १० बिट, ४:२:२ असं दिसलं तर दुखणं सापडलं. एचईव्हीसी म्हणजेच एच.२६५, व्हिडिओ दाबून लहान करायची पद्धत. १० बिट आणि ४:२:२ म्हणजे त्यात रंगाची माहिती जास्त भरलेली. ही फाईल म्हणजे प्रेसिंगमधून निघालेली कापसाची गाठ. १७० किलोची गाठ ट्रकमध्ये छान बसते, पण त्यातला मूठभर कापूस हवा असला तरी पट्ट्या तोडाव्या लागतात. टाइमलाइनवर तू एक फ्रेम पुढे सरकतोस, तेव्हा कंप्युटर आजूबाजूच्या कितीतरी फ्रेमा सोडवत बसलेला असतो.

ही गाठ सोडायला चिपमध्ये वेगळा भाग असतो. इंटेलमध्ये तो प्रोसेसरच्या आतल्या ग्राफिकमध्ये असतो, त्याला क्विक सिंक म्हणतात. डेस्कटॉपच्या ११व्या पिढीपासून तो १० बिट ४:२:२ वाली एच.२६५ सोडवतो. एनव्हिडियाची ४० सिरीजपर्यंतची कार्डं, कितीही महाग असोत, ४:२:२ सोडवत नाहीत. ५० सिरीजपासून सोडवतात. म्हणजे दुकानदाराने जुन्या सिरीजचं मोठं कार्ड गळ्यात मारलं, तर पैसे जातील आणि व्हिडिओ अडकायचा तो अडकेलच.

आमचं असंच झालं होतं. नवी मशीन आणली, कार्ड एवढं लांब की कॅबिनेटचं झाकण दाबून लावावं लागलं. एडियस या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन कॅमेऱ्यांचे व्हिडिओ वर-खाली ठेवले आणि प्ले दाबलं, तर नवरदेव घोड्यावरून उतरेचना. कोपऱ्यातली जुनी मशीन तेच काम मुकाट्याने करत होती. तीन दिवस ड्रायव्हर बदलण्यात गेले. शेवटी मुलाने प्रोसेसरचं रिकामं खोकं खिडकीपाशी नेलं आणि आकड्याच्या शेवटी असलेल्या ‘एफ’ अक्षरावर बोट ठेवलं. इंटेलच्या प्रोसेसरला एफ असला की आतलं ग्राफिक नसतं, म्हणजे क्विक सिंकही नाही, आणि एडियसची बरीचशी भिस्त त्याच्यावर. थोडा स्वस्त पडतो म्हणून दुकानदाराने तो घातला होता. बिलावर एफ होता, आम्ही वाचला नाही.

तेव्हा एफ नसलेला आय-५ किंवा आय-७ घे. रॅम ३२ जीबी, चालू कामासाठी १ टीबीची एनव्हीएमई, म्हणजे वेगवान एसएसडी, आणि डाटा ठेवायला वेगळी हार्ड डिस्क. हिशोब असा कर : कॅमेऱ्यात रेकॉर्डिंग १०० एमबीपीएसवर असेल तर तासाला ४५ जीबी लागतात. हळद आणि लग्नाचं, दोन्ही कॅमेऱ्यांचं मिळून ८ तासांचं शूटिंग धरलं तर ३६० जीबी झाले, आणि त्याची दुसरी प्रत ठेवायचीच. कार्डासाठी पैसे उरले तर घे, नाही उरले तर पुढच्या हंगामात.

आणखी एक उपाय बिनपैशाचा आहे. जुन्या मशीनवर प्रॉक्सी करून बघ, म्हणजे रात्री झोपताना सगळ्या फाईलींच्या हलक्या प्रती बनवायला लावायच्या, दिवसा त्यांच्यावर कापाकापी करायची आणि शेवटी मूळ फाईल जोडायची. पोरांना याचा का कंटाळा येतो कळत नाही. शिवाय, ट्रॅडिशनल, म्हणजे अख्ख्या लग्नाच्या लांब व्हिडिओला ४:२:२ हवंच कशाला? ८ बिट ४:२:० वर कर, हळदीचा पिवळा तेवढाच पिवळा येतो. हायलाईटचे ठरावीक शॉट लागतील तर तेवढेच भारी सेटिंगवर घे.

प्रश्न : धरणगावहून लिहितो. मे महिन्यात रेंडर (एडिट झालेल्या व्हिडिओची अंतिम फाईल बनवणं) ८०-९० टक्क्यांवर गेलं की कंप्युटर फट्कन बंद पडतो. हिवाळ्यात काही त्रास नव्हता. विंडोज दोनदा टाकून झालं.

उत्तर : विंडोजला तिसऱ्यांदा त्रास देऊ नका, दादा. निळा पडदा येऊन बंद पडत असेल तर रॅम किंवा ड्रायव्हरकडे बघायचं. काहीच न सांगता दिवा विझल्यासारखा बंद होत असेल तर गरमी किंवा वीज.

तुमच्या पत्त्यावरून मला आधी गरमीचाच संशय आला. दिवाळीपासून जिनिंग सुरू होतं आणि महिनोन्‌महिने हवेत कापसाची तूस उडत राहते. ती पंख्यातून आत जाते, थंडीत कुणाच्या लक्षात येत नाही, आणि मे महिन्यात पारा ४४-४५ वर गेला की हिशोब मागते. मी एकदा आमच्या मशीनचा प्रोसेसरवरचा पंखा चार स्क्रू काढून उचलला. खाली पातळ पत्र्यांची जाळी असते, ती दिसतच नव्हती. तिच्यावर बोटभर जाडीचा राखाडी नमदा बसला होता, नखाने टोक धरून ओढला तर अख्खा निघाला. सासूबाई शेजारी बसल्या होत्या. त्यांनी त्यातला चिमूटभर घेतला, मांडीवर वळला आणि समईची वात करून दाखवली.

तर मशीन बंद करून, प्लग काढून तो नमदा काढा. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर गरगर फिरून त्याचं बेअरिंग जातं. वाळलेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावा. मग तापमान दाखवणारं एचडब्ल्यूइन्फो हे सॉफ्टवेअर उघडं ठेवून रेंडर करा. प्रोसेसर १०० अंशांच्या आसपास जात नसेल तर गरमी सुटली. आणि कूलरचं तोंड मशीनवर करू नका, ओली हवा माणसाला बरी, बोर्डाला नाही.

तरीही बंद पडला तर यूपीएस उलटा करून मागची पट्टी वाचा. ६०० व्हीए लिहिलेलं असतं, पण त्याखाली बहुतेक ३६० वॅट असतं. ग्राफिक कार्ड लावलेली मशीन रेंडरला ४००-५०० वॅट सहज ओढते. लाईट असते तोवर निभावतं, एक झटका आला आणि भार बॅटरीवर गेला की यूपीएस मान टाकतो.

प्रश्न : शिरपूरहून एक ताई लिहितात : कानबाईच्या जागरणाची दीड तासाची रेकॉर्डिंग मोबाइलवर केली, आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर घेतला. सुरुवातीला जुळतं. शेवटी बायकांची टाळी आधी दिसते आणि आवाज दोन सेकंदांनी येतो.

उत्तर : ताई, किती चुकतंय आणि कसं चुकतंय यावरून चोर ओळखता येतो. तासाला दोन-चार फ्रेम चुकत असतील तर दोन यंत्रांची घड्याळं वेगळी चालताहेत, एवढंच. गाणं संपून दुसरं सुरू होतं तिथे आवाज कापायचा आणि सरकवायचा. तासाला बरोबर ३.६ सेकंद चुकत असेल तर कुठेतरी ३० आणि २९.९७ ची गल्लत झालीय, कारण त्या दोन्हींत हजारात एकाचा फरक आहे.

तुमचं या दोन्हींत बसत नाही. तुम्ही लिहिलंय की पहिली २० मिनिटं ठीक होतं, आणि ट्यूबलाईट बंद करून नुसत्या दिव्यांवर गाणी सुरू झाली तिथून बिघडत गेलं. पत्रातलं हेच वाक्य कामाचं. अंधार झाला की बरेच मोबाइल जास्त उजेड गोळा करण्यासाठी मधूनमधून फ्रेमा कमी करतात, सेकंदाला ३० च्या २४ किंवा त्याहून कमी. मीडियाइन्फोत फ्रेम रेटपुढे ‘व्हेरिएबल’ लिहिलेलं दिसेल. मोबाइलवर असा व्हिडिओ नीट चालतो, एडिटिंगचं सॉफ्टवेअर मात्र बऱ्याचदा सगळ्या फ्रेमा सारख्या अंतराने मांडतं आणि चित्र आवाजापासून सुटतं.

टाइमलाइनवरचं सगळं काढा. मूळ फाईल हँडब्रेक या व्हिडिओ बदलायच्या सॉफ्टवेअरमध्ये घाला, व्हिडिओच्या टॅबमध्ये फ्रेम रेट ३० आणि खाली ‘कॉन्स्टंट’ निवडा. शूटिंग ३० चं होतं, म्हणून २५ करू नका, दिव्याच्या ज्योती झटके खात हलतील. मोबाइलचा स्वतःचा आवाज काढून टाकू नका, कितीही घाण असला तरी. तो चित्राला चिकटलेला असतो, रेकॉर्डरचा आवाज त्याच्याशीच जुळवायचा. जुळवायला टाळीच घ्या, आवाजाच्या पट्टीवर तिचा काटा उभा दिसतो.

पुढच्या श्रावणात एक ट्यूबलाईट तेवढी चालू राहू द्या. रोटांचा नैवेद्यही नीट दिसेल.

प्रश्न : पेन ड्राइव्हवर पाहुण्यांना लग्नाचा व्हिडिओ देतो, कॉपी होताना ‘फाईल मोठी आहे’ म्हणतं. ड्राइव्ह ६४ जीबीचा आहे. – साक्री

उत्तर : ड्राइव्ह फॅट-३२ मध्ये आहे, त्यात ४ जीबीहून मोठी एक फाईल बसतच नाही. एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा. पाहुण्यांचा टीव्ही जुना असेल आणि एक्सफॅट वाचत नसेल तर हळद, लग्न, वरात अशा वेगळ्या फाईली करून द्या. एच.२६४, ८ बिट, १०८० ठेवा. फोरकेचा हट्ट मंडपवाल्याच्या एलईडी भिंतीपुरता ठीक आहे.

प्रश्न : १९९८ सालची आमच्या लग्नाची व्हीएचएस कॅसेट सापडली. पांढरी बुरशी दिसते. घरच्या व्हीसीआरवर लावून बघू का? – नंदुरबार

उत्तर : लावू नका. बुरशी हेडवर, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागावर, चिकटेल आणि तिथून पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागेल. शेवटचा व्हीसीआर बनवणाऱ्या जपानी कंपनीने २०१६ मध्ये काम थांबवलं, आता हेड बिघडलं तर भंगारातूनच शोधावं लागतं. कॅसेट उघडून, टेप हळूहळू पुसून मगच चालवायची असते. ज्यांनी हे आधी केलंय त्यांच्याकडेच द्या. उतरवून घेताना ७२० बाय ५७६ ची मूळ फाईल मागा, नुसती एमपी-फोर नको. चित्र २५ फ्रेमांचं असलं तरी आत ५० अर्ध्या फ्रेमा असतात, त्या ५० पूर्ण फ्रेमा करून घेतल्या की वरातीतला नाच तेव्हासारखाच सुळसुळीत दिसतो. एआयने चेहरे साफ करून देतो म्हणणाऱ्याला नको म्हणा. माझ्याकडे एकाने तसं करून आणलं होतं, त्यात त्याची आजी ओळखू येत नव्हती.

आणि तुमचा तो व्हीसीआर चालत नसेल तर टाकून देऊ नका. इकडे येणार असाल तर सोबत आणा, मला त्यातले सुटे भाग लागतात.