आधी त्यांना बोलू द्या

मधुमेहींना शिकवायचं काम नव्याने घेतलंयस, म्हणून सांगते. पहिल्याच भेटीत आहार, व्यायाम, इन्सुलिन, पाय, डोळे असं सगळं ओतू नकोस. घरी जाईपर्यंत त्यातलं निम्मंही उरत नाही. आधी विचार, "तुम्हाला सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते?" उत्तर बहुतेक वेळा सुईचं असतं, एचबीएवनसीचं, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणाऱ्या तपासणीचं, नाही.

"समजलं का?" हा प्रश्न तर सोडूनच दे. माणसं भिडेखातर हो म्हणतात. त्याऐवजी "घरी गेल्यावर कसं कराल, मला दाखवा" म्हण. माझे एक रुग्ण कित्येक महिने एकाच जागी इन्सुलिन टोचत होते. तिथे गाठ झालेली, औषध नीट शोषलं जात नव्हतं, आणि आम्ही डोस वाढवत बसलो होतो! पोटावरचा कपडा सरकवून टोचायची जागा बघायचं कोणाला सुचलंच नाही. मलाही नाही.

रक्तातली साखर ७० मिग्रॅ/डेसिलिटरच्या खाली गेली तर १५ ग्रॅम ग्लुकोज, १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी. हे मात्र पहिल्याच दिवशी, आणि घरच्यांनाही शिकव. "पथ्य मोडलं" हा शब्द तोंडात आणू नकोस, नाहीतर पुढच्या वेळी साखरेच्या नोंदवहीत खोटे आकडे येतील.