क्रोटनचे रंग उडाले तर

प्रश्न : आषाढात नर्सरीतून लाल-पिवळा क्रोटन आणून सोप्यात ठेवला. आता खालची पानं गळतायत आणि नवी पालवी नुसती हिरवी येते. खत कमी पडतंय का? – एक भगिनी, खानापूर

उत्तर : ताई, खताची पिशवी आधी बाजूला ठेवा. तुमच्या क्रोटनला हवाय तो उजेड. इंडोनेशिया, मलेशिया आणि पॅसिफिक बेटांकडचं हे झुडूप. त्याचे लाल-पिवळे रंग भरपूर प्रकाशातच खुलतात. उजेड कमी पडला की पान हिरवंच राहतं. खानापूरच्या पावसात, उतरत्या कौलांखालच्या सोप्यात भर दुपारी दिवा लावावा लागतो, तिथं तो रंगणार कसा? पूर्वेच्या खिडकीशी न्या. पावसानं उघडीप दिली की सकाळचं कोवळं ऊन द्या, पण हळूहळू. एकदम कडक उन्हात पानं करपतात. रंग नव्या पालवीत शोधा.

पानगळीनं घाबरू नका. जागा बदलली की क्रोटन पानं टाकतोच, म्हणून सारखी कुंडी हलवू नका. मात्र आपली तांबडी माती पावसाळ्यात चिकट होऊन मुळं कुजवते. तिच्यात वाळू आणि कुजलेलं शेणखत मिसळा, वरची माती सुकल्यावरच पाणी घाला, बशीत पाणी साठू देऊ नका.

फाल्गुन-चैत्रात हवा कोरडी झाली की लाल कोळी ही बारीक कीड येते. पानांची खालची बाजू पाण्यानं धुवा. छाटताना हातमोजे घाला. क्रोटनच्या चिकानं कातडी चुरचुरते, पोरांनाही लांब ठेवा.