पन्नाशीत वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया करावी का, की आता उशीर झाला?

उशीर झालेला नाही. निव्वळ पन्नाशी उलटली म्हणून डॉक्टर नाही म्हणत नाहीत. ते हृदय, फुप्फुसं, साखर आणि झोपेतला श्वास तपासतात. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, ते सांगणारा आकडा) ३५ किंवा त्याहून जास्त असेल तर शस्त्रक्रियेची शिफारस होते, आशियाई लोकांसाठी ही मर्यादा २७.५ आहे. मधुमेह नवा असेल तर फायदा जास्त, म्हणून उगाच वर्षं घालवू नका.

मला खरी काळजी वाटते ती नंतरची. स्लीव्ह नावाच्या वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग कायमचा काढतात. खाणं एकदम घटतं आणि चरबीबरोबर स्नायूही झडतात. या वयात गेलेला स्नायू परत मिळवणं कठीण, त्यात रजोनिवृत्तीच्या सुमारास हाडं आधीच विरळ होत असतात. त्यामुळे रोज किमान ६० ग्रॅम प्रथिनं, वजनं उचलण्याचा व्यायाम, आणि बी-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आयुष्यभर. गोळ्या मध्येच सोडणारे पुढे फार त्रास काढतात, हे कळकळीने सांगते. केस तीन-चार महिन्यांनी गळतील, बहुतेकदा परत येतात. धूम्रपान करत असाल तर आधी ते बंद करा.