चार दिवसांच्या मासेमारीसाठी तीन ठिकाणे की दोनच?

चार दिवसांत दोन तलाव आणि एक नदी असा बेत तुम्ही आखला आहे, बरोबर तीन मित्र आहेत, त्यांपैकी दोघांनी अजून गळ टाकलेला नाही, आणि प्रश्न मात्र विचारला आहे तो सामानाचा. सामानाकडे मी नंतर वळतो, कारण या बेतात आधी कमी करायला हवी ती ठिकाणे आहेत. एक तलाव सरळ वगळा आणि जो ठेवाल तो असा निवडा की तुमची नदी त्यालाच येऊन मिळत असेल. मासा उथळावर चरायला येतो तो बहुधा पहाटे आणि तिन्हीसांजेला, त्यामुळे मुक्काम हलवताना वाया जाते ती नेमकी दिवसातली सर्वांत मोलाची वेळ.

मोठा मासा सर्वांत खोल पाण्यात असतो, ही नवख्यांची लाडकी समजूत आहे आणि उन्हाळ्याच्या उत्तरार्धात ती हमखास फसवते. गोडे पाणी सुमारे ४ अंश सेल्सिअसला सर्वांत जड असते, म्हणून खोल तलावात थंड पाणी तळाशी बसते, कोमट पाणी वर राहते आणि दोहोंच्या मध्ये तापमान झपाट्याने उतरणारा एक पातळ पट्टा तयार होतो. हे थर एकमेकांत मिसळत नसल्यामुळे वरचा प्राणवायू तळापर्यंत पोहोचत नाही, आणि ज्या तलावात शेवाळ व पालापाचोळा भरपूर असतो तिथे खाली शिल्लक असलेला प्राणवायूही कुजण्याच्या क्रियेत संपून जातो. अशा तळाशी सोडलेले आमिष दिवसभराने जसेच्या तसे वर येते. लांब वायरीच्या टोकाला सेन्सर असलेला साधा तापमापक घ्या, वायरीला दर मीटरला खूण करा, टोकाला शिसे बांधा आणि पाण्यात सोडत जा. सहा मीटरपर्यंत २४ अंश दिसत राहिले आणि आठव्या मीटरला एकदम १६ झाले, तर त्या पट्ट्याच्या जरा वर आमिष ठेवायचे. वारा दोन-तीन दिवस एकाच दिशेने वाहत असेल तर तो ज्या काठावर आदळतो तिथे बसा, जरी समोरचा काठ अधिक शांत आणि बसायला सोयीचा वाटला तरी. वरचे कोमट पाणी आणि त्यातले खाद्य तिकडेच ढकलले जाते.

नदीचा हिशेब निराळा. पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी मावतो: समुद्रसपाटीला १० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ११ मिलिग्रॅम, तर ३० अंशांच्या पाण्यात जेमतेम साडेसात. म्हणून उन्हाच्या दिवसांत दुपारी दगडांवरून खळाळणाऱ्या पाण्याच्या लगेच खाली, जिथे जोराची धार आणि संथ पाणी यांची शिवण दिसते, तिथे गळ टाकावा. मासा संथ बाजूला अंग सांभाळून उभा असतो आणि धारेतून येणारे खाद्य टिपतो. ट्राउटसारखा थंड पाण्यातला मासा मात्र २० अंशांच्या वर पकडून सोडला तरी दगावण्याची भीती असते, तेव्हा अशा दुपारी त्याला हात लावू नये.

निघण्यापूर्वी नदीची पातळी आदल्या तीन-चार दिवसांची पाहावी. एका दिवसाच्या आकड्यापेक्षा पाणी चढते आहे की उतरते आहे, हे कळणे महत्त्वाचे. वरच्या अंगाला धरण असेल तर पाणी कधी सोडतात याची चौकशी केल्याशिवाय पात्रात पाऊल टाकू नका. एकदा मी आमिषाचा डबा मागच्या कोरड्या, सपाट दगडावर ठेवला होता. पुन्हा हात मागे केला तेव्हा डबा तरंगत निघाला होता आणि आकाशात एकही ढग नव्हता. तेव्हापासून उतरण्याआधी पाण्याच्या रेषेवरचा एक दगड मी नजरेत ठेवतो आणि तो भिजला की काठ गाठतो.

परवान्याचे नियम तलावाला एक आणि त्यात येणाऱ्या नदीला दुसरे असू शकतात, त्यामुळे बंदीचा काळ, माशाची किमान लांबी आणि जिवंत आमिषाची मुभा दोन्हींसाठी वेगवेगळी तपासून घ्या.

आता सामान. चौघांत दोन मीटरच्या आसपासच्या मध्यम ताकदीच्या चार काठ्या, ०.२५ मिलिमीटरची दोरी आणि एक जादा रीळ पुरे. गळ ६ आणि १० क्रमांकाचे घ्या. इथे आकडा वाढतो तसा गळ लहान होतो, हे ठाऊक नसल्यामुळे पुष्कळ जण उलटी खरेदी करून येतात. नवख्या दोघांना फ्लोट, म्हणजे दोरीला बांधलेला पाण्यावर तरंगणारा बोंडा, लावून द्या, कारण डोळ्यांना दिसणारी हालचाल हाताला जाणवणाऱ्या झटक्याआधी शिकता येते. पोलराइज्ड चष्म्याने पाण्यावरची चकाकी कापली जाते आणि तळ दिसतो; माझ्या लेखी तो महागड्या रिळापेक्षा उपयोगी आहे.

क्रमाविषयी एक राहिले. न्यूझीलंडमध्ये २००४ साली डिडिमो नावाचे सूक्ष्म शेवाळ नदीत आढळले, आणि तिथे सामान तपासून, धुऊन, हाताला पूर्ण कोरडे लागल्यानंतरही आणखी ४८ तास वाळवायला सांगतात, कारण ओल्या बुटांतून असले जीव एका पाण्यातून दुसऱ्यात जातात. चार दिवसांत दोन तलाव करताना हे साधणारच नाही. एकच तलाव ठेवलात तरी पहिले दोन दिवस नदीवर काढा आणि नंतर तलावावर या. नदीतले जे काही आहे ते तसेही वाहत तलावात येतच असते, तलावातले मात्र तुमच्या बुटांवाचून वर चढत नाही.