फुलं नसताना पठारावर जा

बाळ, अनेक आशीर्वाद.

तुझ्या संशोधनाचा आराखडा मिळाला. दोनदा वाचला. कास पठारावर सप्टेंबरातले सहा दिवस, आणि विषय परागीभवन. सहा दिवसांत परागीभवन होईल, तुझा अभ्यास व्हायचा नाही. रागावू नकोस. माझा पहिला आराखडा याहून वाईट होता, आणि तो मंजूरही झाला होता.

आधी मे महिन्यात जाऊन ये. सकाळी सातच्या आत पठारावर पोहोच, कारण दहानंतर जांभा तापून तव्यासारखा होतो. सप्टेंबरात जिथं माणसं रांग लावून फोटो काढतात तिथं तुला काळा दगड दिसेल, आणि बुटाखाली करकरणारं वाळकं गवत. काहीच नाही असं वाटेल. मग गुडघ्यावर बस. दगडात वीतभर रुंद, बोटभर खोल खळगा सापडेल, त्यात मूठभर माती. या मुठीतच गेंद या इवल्या पांढऱ्या फुलाचं बी असतं. जरा खोल मातीत दीपकाडीचे कंद असतात. डबक्याचा तळ भेगाळलेला असतो आणि त्याखाली वायतुऱ्याचे कंद पावसाची वाट बघत पडलेले असतात. ही वनस्पती शास्त्राला 1982 साली माहीत झाली, तिच्या शास्त्रीय नावातही सातारा आहे, आणि तिचं सगळं जग म्हणजे सह्याद्रीतली मोजकी पठारं. पावसाळ्यात तिचा इंग्रजी वायसारखा दुफाटा तुरा कुणीही ओळखेल. तिचं डबकं कोरडं असताना ओळखता आलं, तर तुला पठार कळायला लागलं असं मी म्हणेन.

तू विचारशील, उन्हात जाऊन मोजायचं काय? खळग्याची खोली मोज. मातीची जाडी मोज. वणवा कुठवर आला होता, शेण कुठं पडलंय, ते लिही. सीतेची आसवं ही जांभळी फुलं हातभर जागेत दाट आणि पुढच्या हातभर जागेत एकही नाही, हे कोडं सप्टेंबरात पडतं; त्याचं निम्मं उत्तर मेमध्ये दगडावर उघडं पडलेलं असतं. त्या जांभळ्या फुलाखाली मुळांऐवजी बारीक फुगे असतात आणि ओल्या मातीतले सूक्ष्म जीव ते ओढून घेतात, हे तू पुस्तकात वाचलंयस. माती इतकी गरीब का, पाणी तिथं किती दिवस टिकतं, हे मात्र जागेवरच बघावं लागतं.

आता चौकटींबद्दल. पहिल्या वर्षी मी जमिनीवर टाकून आतली झाडं मोजायची एक मीटरची पाइपची चौकट घेऊन हिंडले आणि जिथं फुलं छान दिसली तिथं टाकत गेले. चाळीस चौकटी भरल्या. वर्षाच्या शेवटी आमच्या सरांनी एकच विचारलं, ‘जागा कुणी निवडल्या?’ तो अख्खा हंगाम वाया. तू नकाशावर जाळी आख, चिठ्ठ्या काढ, आणि जिथं नंबर लागेल तिथं जा, मग तिथं नुसता कातळ का असेना. शून्य आलं तर शून्य लिही. रकाना रिकामा सोडलास, तर तिथं काही नव्हतं की तू गेलीच नव्हतीस हे दोन वर्षांनी तुलाही आठवणार नाही. कोपऱ्यात खिळा ठोकून रंग दे. जीपीएस चार-पाच मीटर इकडंतिकडं दाखवतं, आणि पठारावर चार मीटर म्हणजे दुसरंच गाव.

गेंदाबद्दल तर मी हात जोडून सांगते. लांबून सगळे गेंद पांढऱ्या बटणांसारखे सारखेच. जाती ठरतात भिंगाखाली, फुलाच्या बारीक भागांवरून आणि बियांवरून. मी एकदा दोन जातींना एकच समजून पूर्ण पावसाळा मोजलं, आणि नमुना जपून ठेवला नव्हता म्हणून नंतर सुधारताही आलं नाही. वनखात्याची परवानगी वेळेत काढ, प्रत्येक जातीचा एक नमुना नीट दाबून वाळव, आणि त्यावरचा क्रमांक वहीत लिही. वहीत पेन्सिलच वापर. शाईचं काय होतं ते जुलैतल्या पहिल्याच आडव्या पावसात कळेल.

दगडाखालचे प्राणी बघायचे असतील तर पलीकडची कड धरून दगड आपल्याकडं उचलायचा, म्हणजे खाली फुरसं असलं तर त्याची वाट तुझ्या विरुद्ध बाजूला उघडते. बघून झालं की दगड होता तसाच, त्याच ठशात ठेवायचा. खालची ओल हेच पालींचं, विंचवांचं घर. उलटे टाकलेले दगड दिसले की माझं डोकं फिरतं, आणि ते टाकणारे बहुधा आपल्यातलेच असतात.

शेजारच्या चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या आहेत. गळ्याशी निळा-केशरी पंखा फुलवणारे सरडे तिथं चक्क्यांजवळ जास्त आढळतात. मी असते तर ‘चक्क्यांचा त्रास नाही’ असं लिहून मोकळी झाले असते. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मान वर करून शिकारी पक्षीही मोजले. चक्क्यांजवळ ते जवळजवळ चौपटीनं कमी होते. खाणारा गेला म्हणून सरडे वाढले, निर्धास्त झाले, माणूस जवळ आला तरी लवकर पळेनात, पण अंगानं हडकले आणि त्यांचे रंगही फिके पडले. 2018 सालचा तो निबंध मिळवून वाच. तुझ्या फुलांवर माश्या कमी दिसल्या, तर माश्यांना कोण खातं हेही बघशील.

गावात राहा, हॉटेलात नको. गुराख्याला मामा म्हण, त्यानं दिलेला चहा नाकारू नकोस. ‘इथं कोणती फुलं येतात?’ असं विचारलंस तर पर्यटकांना सांगतात तेच सांगेल. ‘म्हैस काय खात नाही?’ असं विचार, मग बस ऐकत. गुरं थांबल्यानं गवत माजलं आणि फुलं दबली, असं तिथली माणसं पठाराला घातलेल्या कुंपणाबद्दल म्हणत आली आहेत. ताडून बघायला जुन्या चौकटींचे आकडे लागतात, आणि ते फार थोड्या जागांचे आहेत. म्हणून तुझे खिळे महत्त्वाचे.

टोपली कारवीवर प्रकरण लिहायचं म्हणतेस, ते मात्र सोड. सात वर्षांनी एकदा बहरते ती. तुझ्या संशोधनाची पाच वर्षं तिच्या दोन बहरांच्या मधे अलगद निघून जातील.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात निघणार असशील तर आधी कळव. माझे गुडघे आता चढाला कुरकुरतात, पण कासपर्यंत गाडी जाते. माझ्या जुन्या चौकटींपैकी तीन खिळे अजून जागेवर आहेत. चौथा कुठं आहे ते फोनवर सांगता येत नाही, तिथं उभं राहूनच दाखवावं लागेल.

तुझी,
बाई