कंबरदुखीसाठी पहिल्यांदाच ॲक्युपंक्चर आणि मसाज घेणार आहे. जाण्याआधी काय माहीत हवं?

तुम्ही लिहिलंय की दोन वर्षं कंबर दुखते, एक्स-रे बघून 'मणक्यात गॅप आहे' असं सांगितलंय, रक्तदाबाची आणि रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, आणि सुईची भीती वाटते. या क्रमाने उत्तर देत नाही, कारण सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही मध्येच सहज लिहून गेलात: रक्त पातळ करायची गोळी. ही गोष्ट पहिल्या पाच मिनिटांत सांगायची असते. आपल्याकडे पेशंट टेबलावर पालथा पडला की गप्प होतो, 'डॉक्टरांना सगळं कळतं' म्हणून. या उपचारात होणारे बरेचसे त्रास पेशंटने वेळेवर न बोलल्याने वाढतात.

आधी हे बघा की तुम्ही सुई-मसाजच्या दारात जायला हवं का. लघवी-संडासवरचा ताबा सुटला असेल किंवा लघवी तुंबली असेल, बसायच्या जागी बधिरपणा आला असेल, चालताना पाऊल उचलत नसेल आणि चप्पल घसरून निघत असेल, तर थेट हॉस्पिटल गाठा, त्याच दिवशी. पडल्यानंतर सुरू झालेली कंबरदुखी, सोबत ताप, कारण नसताना उतरणारं वजन, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, पूर्वी झालेला कॅन्सर, यांपैकी काहीही असेल तर आधी तपासण्या. आणि छातीत जड वाटून डावा खांदा किंवा जबडा दुखतोय, घाम फुटलाय, तर खांदा चोळून घेत बसू नका, ईसीजी काढा.

जाताना सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्या. वॉरफरिन, क्लोपिडोग्रेल, ॲस्पिरिन, नव्या जातीच्या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, सगळ्याच. यातली कुठलीही गोळी सुईसाठी आपल्या मनाने बंद करू नका. त्या गोळीने जो धोका टाळलाय तो सुईने पडणाऱ्या काळ्या-निळ्या डागापेक्षा फार मोठा आहे. थेरपिस्टला माहीत असलं की तो कमी सुया घेतो, खोल टोचत नाही आणि सुई काढल्यावर कापूस जास्त वेळ दाबून धरतो. वॉरफरिनवाल्यांनी शेवटचा आयएनआर रिपोर्टही, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा, दाखवावा. नुकताच डेंग्यू होऊन गेला असेल तर प्लेटलेट भरून येईपर्यंत सुयाही नकोत आणि जोरकस मसाजही नको.

याशिवाय न विचारता सांगायच्या गोष्टी: पेसमेकर (काही थेरपिस्ट सुयांना हलका करंट जोडतात, तो तेव्हा जोडायचा नसतो), गरोदरपण (हातावरचा अंगठा-तर्जनीमधला, घोट्याच्या वरचा आणि खांद्यावरचा असे काही पॉइंट तेव्हा सहसा टाळतात), निकेलची ॲलर्जी, फिट्स, स्तनाच्या कॅन्सरच्या ऑपरेशनमध्ये काखेतल्या गाठी काढल्या असतील तर तो हात (त्या हाताला सुई नको), आणि मधुमेह. मधुमेहात पायाची संवेदना कमी झालेली असू शकते, त्यामुळे शेक देताना किंवा मॉक्सा, म्हणजे औषधी वनस्पतीची कांडी पेटवून देतात तो शेक, घेताना भाजलं तरी कळत नाही. पायाला फोड दिसतो तो दुसऱ्या दिवशी. दम्याच्या पेशंटने मॉक्साच्या धुराबद्दल आधीच विचारावं.

आता सुई. रक्त तपासायला घेतात ती साधारण 21 गेजची, म्हणजे सुमारे 0.8 मिलिमीटर जाड आणि आतून पोकळ असते. ॲक्युपंक्चरची नेहमीची सुई 0.25 मिलिमीटरची, भरीव आणि टोकाला निमुळती. ती स्नायूचे धागे बाजूला सारत जाते, म्हणून फार टोचत नाही. बहुतेक ठिकाणी ती प्लॅस्टिकच्या बारीक नळीतून येते. सुईची मूठ नळीच्या वर तीन-चार मिलिमीटर डोकावत असते. टिचकी मारली की तेवढीच आत जाते, मग नळी काढून बोटांत फिरवत हवी तेवढी खोल नेतात. टिचकीच्या क्षणी डास चावल्यासारखं वाटतं, तेवढंच.

खोल गेल्यावर जे वाटतं ते वेगळं. जडपणा, आतून ठणकल्यासारखं, मुंग्या, कधी पसरत जाणारी ओढ. चिनी परंपरेत याला 'दे ची' म्हणतात आणि बहुतेक थेरपिस्टना तेच हवं असतं. पण विजेसारखी चमक पायात गेली, आग झाली किंवा टोचणं थांबतच नाही असं झालं, तर सुई नसेच्या किंवा रक्तवाहिनीच्या फार जवळ आहे. लगेच सांगा. अर्धा सेंटिमीटर मागे घेतली की बहुतेक वेळा थांबतं. सहन करत पडून राहिल्याने गुण जास्त येतो, हा समज चुकीचा आहे.

कंबरेसाठी सुया साधारण कुठे येतात ते सांगतो, म्हणजे दचकायला होणार नाही. मणक्यांच्या रांगेपासून दोन्ही बाजूंना दीड 'त्सुन' अंतरावर. एक त्सुन म्हणजे पेशंटच्या स्वतःच्या अंगठ्याची रुंदी, थेरपिस्टच्या नव्हे. मग गुडघ्यामागच्या लवणीत एक, आणि सायटिका असेल तर कुल्ल्यावर. कुल्ल्याचा स्नायू जाड, म्हणून तिथे 50 ते 75 मिलिमीटरची लांब सुई लागते. ती बघून पुष्कळ जण घाबरतात, पण जागा मांसल असल्याने त्या लांबीला तिथे वाव असतो. काळजीची जागा निराळीच आहे: मानेखालचा खांद्याचा भाग, पाठीचा वरचा भाग आणि छाती. तिथे फुफ्फुसाचं आवरण त्वचेपासून फार लांब नसतं, बारीक माणसात तर फारच जवळ. तिथे सुई उथळ आणि तिरकी हवी.

सुया आत गेल्या की 15 ते 30 मिनिटं तसंच पडून राहायचं. म्हणून आधी लघवीला जाऊन या. खोकला, शिंक येतेय असं वाटलं तर आधी आवाज द्या, आणि खोलीत एकटं ठेवणार असतील तर हाताशी घंटी मागा. करंट लावणार असतील तर बटण शून्यावरून हळूहळू वाढवायला सांगा. थपथप जाणवली पाहिजे, आखडून येता कामा नये.

पाकिटाकडे नक्की बघा. सुया तुमच्यासमोर सीलबंद पाकिटातून निघाल्या पाहिजेत, त्यावर निर्जंतुकीकरणाची खूण आणि मुदतीची तारीख असते. 'तुमच्या सुया तुमच्याच नावाच्या बाटलीत ठेवू, पुढच्या सिटिंगला त्याच वापरू' असं कुणी म्हणालं, तर नाही म्हणा. टोक बोथट होतं, निर्जंतुकीकरणाची खात्री राहत नाही आणि बाटल्यांची अदलाबदल व्हायला एक गडबडीची संध्याकाळ पुरते. काविळीच्या बी आणि सी विषाणूंना तेवढं बस होतं. वापरलेली सुई पांढऱ्या, अर्धपारदर्शक, टोचून फुटणार नाही अशा डब्यात गेली पाहिजे, कागदाच्या टोपलीत नाही. टोचताना किती सुया लावल्या ते मोठ्याने विचारा आणि काढताना तेवढ्याच निघाल्या का तेही. केसांत आणि टॉवेलच्या कडेखाली सुई राहून जाणं ही नेहमी होणारी चूक आहे.

चक्कर येणं पहिल्या सिटिंगलाच जास्त होतं: उपाशी पोट, बसून घेतलेल्या सुया आणि मनातली धास्ती. दीड-दोन तास आधी हलकं खाऊन जा आणि पहिल्यांदा आडवं पडूनच घ्या. मळमळ, थंड घाम, डोळ्यांपुढे अंधारी आली की सांगा. सगळ्या सुया काढून, पाय उंच करून पाच-दहा मिनिटांत माणूस ठीक होतो. सुई काढल्यावर एखादा थेंब रक्त, छोटा निळा डाग किंवा संध्याकाळी पेंग येणं यात काही वावगं नाही. पहिल्या दिवशी स्वतः बाईक चालवत घरी जाण्याचा बेत मात्र ठेवू नका. खांद्याला किंवा पाठीला सुया लागल्यानंतर काही तासांत, कधी दुसऱ्या दिवशीसुद्धा, छातीत एका बाजूला टोचलं, श्वास घेताना दुखलं, धाप लागली तर झोपून बघू असं करू नका. फुफ्फुसाभोवती हवा शिरलेली असू शकते. हे क्वचित होतं, पण झालं तर कॅज्युअल्टीतच जायचं आणि तिथे 'आज पाठीला सुया घेतल्या' हे पहिलं वाक्य असलं पाहिजे.

मसाजला लोक निर्धोक समजतात, म्हणून त्याबद्दल थोडं ठासून सांगतो. एकाच पायाची पोटरी सुजली, गरम लागतेय, दाबल्यावर दुखतेय, विशेषतः प्लास्टर, ऑपरेशन, बाळंतपण किंवा लांबच्या विमानप्रवासानंतर, तर तो पाय कुणालाही चोळू देऊ नका. शिरेत गुठळी असू शकते आणि ती सुटून फुफ्फुसात गेली तर जिवावर बेततं. टेपने दोन्ही पोटऱ्या एकाच उंचीवर मोजा. 3 सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर संशय बळावतो, पण फरक कमी असला तरी बाकी लक्षणं असतील तर सोनोग्राफी हवीच. तापात, त्वचेवर गळू किंवा नागीण असताना, ताज्या टाक्यांवर आणि फुगलेल्या निळ्या शिरांवर दाब नको. हाडं ठिसूळ झालेल्या आजीच्या पाठीवर नातवाला उभं करायचा घरगुती उपाय तर अजिबात नको, ठिसूळ मणका तेवढ्याने दबून मोडू शकतो. मान झटक्यात फिरवून 'कट्' आवाज काढू देऊ नका, न्हाव्याकडेही नाही. मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीला आतून चीर पडून पक्षाघात होऊ शकतो.

कंबरेच्या मसाजमध्ये दाब मणक्यांच्या दोन्ही बाजूंच्या स्नायूंवर हवा, मधल्या हाडांवर नाही. शेवटच्या बरगडीखाली मूत्रपिंडं असतात, तिथे बुक्के मारत नाहीत. दाबासाठी सोपं माप: शून्य म्हणजे काही नाही, दहा म्हणजे असह्य, तर सहाच्या वर जाऊ देऊ नका. श्वास रोखला जातोय किंवा मुठी आवळल्या जातायत म्हणजे दाब जास्त झाला. स्नायू तेव्हा सैल होत नाही, उलट आखडतो. कुल्ल्यावर कोपर रोवल्यावर पायात मुंग्या उतरल्या तर तिथून हलायला सांगा. दुसऱ्या दिवशी व्यायामानंतर दुखतं तसं अंग दुखेल, ते एक-दोन दिवसांत जातं. तीन दिवसांनीही दुखत असेल किंवा डाग उठले असतील तर पुढच्या वेळी तसं सांगा. मसाजने 'शरीरातली विषं निघतात' हे कुणी सांगितलं तर ते मनावर घेऊ नका, तो धंद्याचा शब्द आहे.

कपडे किती काढायचे हे तुम्ही ठरवता. ज्या भागावर काम चालू आहे तेवढाच उघडा, बाकी चादरीखाली. बाई थेरपिस्ट मागणं किंवा सोबत घरचं माणूस बसवणं यात संकोच कसला? त्याला नकार देणाऱ्याकडे जाऊ नका. उठल्यावर तळपाय कोरडे पुसून मगच फरशीवर पाय ठेवा. तेलकट पायांनी मोरीत घसरणं ही खरी जोखीम आहे.

सुया आणि मसाज एकाच दिवशी असतील तर तेलाच्या अंगावर सुई टोचायची नाही. मसाज आधी झाला तर त्वचा नीट पुसून, स्पिरिटने साफ करून मग सुया. सुया आधी झाल्या तर त्याच जागा त्या दिवशी रगडू नयेत. पहिल्या भेटीत दोन्ही एकदम घेऊ नका असं मी सांगेन. नंतर दुखलं किंवा बरं वाटलं, तर कशामुळे ते कळायला हवं.

कुणाकडे जायचं? महाराष्ट्रात 2015 साली ॲक्युपंक्चरसाठी वेगळा कायदा झाला आणि त्याखाली कौन्सिल आहे. केंद्र सरकारने 2019 मध्ये या पद्धतीला मान्यता दिली. म्हणून नोंदणी क्रमांक विचारा, भिंतीवरच्या वर्कशॉपच्या प्रमाणपत्रांवर जाऊ नका. फिजिओथेरपिस्ट 'ड्राय नीडलिंग' करतात, त्यात सुई तीच पण ती स्नायूतल्या गाठीत घालतात. ॲक्युप्रेशरमध्ये सुईच नसते. जाता जाता एक: सोलापूरच्या डॉ. कोटणीसांनी ही विद्या भारतात आणली असं बरेचदा ऐकू येतं. कोटणीस 1938 साली भारतीय डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले आणि 1942 साली तिथेच वारले. त्याच पथकातले कोलकात्याचे डॉ. बसू पुढे पुन्हा चीनला जाऊन ॲक्युपंक्चर शिकले आणि ते इथे घेऊन आले.

गुण किती येतो? जुनाट कंबरदुखीत अमेरिकेतल्या फिजिशियनांच्या संघटनेने 2017 मध्ये ॲक्युपंक्चरचा विचार करायला सांगितलं; मसाज मात्र त्यांनी नव्याने सुरू झालेल्या कंबरदुखीसाठी सुचवला. ब्रिटनमध्ये उपचारांच्या शिफारशी ठरवणाऱ्या नाइस संस्थेने 2016 मध्ये कंबरदुखीसाठी ॲक्युपंक्चर देऊ नये असं म्हटलं, कारण खऱ्या सुया आणि खोट्या, म्हणजे तुलनेसाठी नुसत्या टोचल्यासारख्या भासवलेल्या सुया, यांत फरक फार कमी निघाला. अर्धशिशी टाळण्यासाठी मात्र तीच संस्था पाच ते आठ आठवड्यांत दहापर्यंत सिटिंग सुचवते. तेव्हा दुखणं कमी होऊन हालचाल वाढेल एवढी आशा धरा. 'गॅप' सुईने भरत नाही आणि मसाजने दोन मणक्यांमधली चकती जागेवर जात नाही. कंबर अजिबात न दुखणाऱ्या माणसांच्या एमआरआयमध्येही झिजलेल्या, फुगलेल्या चकत्या सर्रास दिसतात.

वीस सिटिंगचं पॅकेज आगाऊ भरू नका. आठवड्याला एक किंवा दोन, अशा पाच-सहा सिटिंगचं ठरवा. सुरू करायच्या आदल्या दिवशी वहीत चार आकडे लिहा: दुखणं दहापैकी किती, न उठता किती मिनिटं बसता येतं, किती मिनिटं चालता येतं, आठवड्यात वेदनाशामक गोळ्या किती लागल्या. दर रविवारी तेच चार आकडे पुन्हा. सहाव्या सिटिंगनंतर बसण्या-चालण्याचे आकडे हलले नसतील तर थेरपिस्टला वही दाखवून थांबा. हलले असतील तर सिटिंगमधलं अंतर आधी पंधरा दिवस, मग महिना करत न्या आणि त्या मोकळ्या दिवसांत चालणं आणि फिजिओथेरपिस्टने दिलेले कंबरेचे व्यायाम सुरू ठेवा.